आधी सोला, मग रंगवा

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथूनच चहाला उठावं. भिंतीला, कपाटाला, ओट्यामागच्या टाइल्सना लावलेला तो चिकट प्लॅस्टिकचा कागद (कुणी त्याला स्टिकर म्हणतं, कुणी वॉलपेपर, कुणी नुसतंच शीट) त्याच्यावरून रंग मारू नये. आधी तो सोलून काढावा, खाली काय आहे ते डोळ्यांनी बघावं, आणि मग रंगाचा डबा उघडावा. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण नियम हा.

हे लिहायला बसले, कारण या महिन्यात हाच प्रश्न मला तीन जणांनी विचारला. मराठी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलेली बाई मी. मला रंगकामातलं काय कळतं म्हणून विचारतात कोण जाणे! पण माणसानं सत्तरी ओलांडली की घरातले त्याला सर्वज्ञ ठरवून टाकतात. शिवाय आमचे हे विज्ञानाचे मास्तर. त्यामुळे निम्मी उत्तरं मला शेजारच्या खुर्चीतून आयती मिळतात.

या शीटवर माझा राग नाही, हेही सांगते. आमच्या लहानपणी भिंतीला दरवर्षी चुना असायचा. मग डिस्टेंपर आलं, मग स्वयंपाकघरात कमरेपर्यंत ऑइलपेंट. हल्ली ही गुंडाळी आली. संगमरवर हवा तर संगमरवर, विटा हव्या तर विटा, सागवान हवं तर सागवान! ज्याला टाइल्स बसवणं परवडत नाही, भाड्याच्या घरात खिळासुद्धा ठोकता येत नाही, त्याला एका दुपारी घर नवं झाल्याचं सुख मिळतं. सुखाला नावं ठेवू नयेत. प्रश्न पुढे येतो, तीन-चार वर्षांनी, जेव्हा कडा सुटतात, गॅसजवळचा भाग पिवळा पडतो आणि कुणीतरी म्हणतं, "आता याच्यावरूनच एक हात मारून टाकू."

हा 'कुणीतरी' बहुतेक वेळा रंगारी असतो. त्याला दोष देत नाही. तो भाव सांगतो चौरस फुटावर, आणि आपण घासाघीस करतो ती रंगाच्या पैशांची. खरवडणं, घासणं, लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं या चार दिवसांच्या मजुरीला "त्यात काय एवढं?" म्हणून आपणच काट मारतो. मग तो बिचारा वरूनच मारणार नाही तर काय करणार? त्याचं काम दिवाळीपुरतं छान दिसतं. पोपडे निघतात तेव्हा तो दुसऱ्या गावी असतो.

पोपडे का निघतात? हे सांगतात ते असं. ही शीट म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक, म्हणजे आपल्या नळाचे पाइप. ते कापडासारखं लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. ती द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. त्यावर ऑइलपेंट मारलं तर ते नीट वाळतच नाही, महिनोन्‌महिने चिकट राहतं, डब्याचं बूड त्याला चिकटतं. पाण्यातला रंग मारला तर तो वाळतो, पण धरत नाही. चुन्याची भिंत किंवा लाकूड रंग थोडा आत ओढून घेतं, प्लॅस्टिक काही ओढत नाही. आणि समजा रंगानं शीटला घट्ट धरलं, तरी शीटनं भिंतीला धरलंय का? सगळा भार त्या जुन्या गोंदावर. फोडणीची वाफ आणि गॅसची ऊब लागली की तो मऊ होतो, आणि रंगासकट सगळं खाली येतं.

माझी भाचेसून पुण्यात असते. तिनं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक परदेशी बाई स्वयंपाकघराच्या कपाटांवरच्या असल्याच कागदावर भराभर रंग मारतेय आणि शेवटी सगळं झकास! "बघा मावशी, होतं की." होतं ना, नाही कोण म्हणतंय? पण मी तिला व्हिडिओ पुन्हा बघायला लावला. त्या बाईनं रंगाला हात लावण्याआधी काय काय केलं? तेलकटपणा धुतला, पॉलिश पेपरनं चकाकी घालवली, गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा वेगळा प्रायमर मारला. ते सगळं त्यांनी दोन मिनिटांत पळवलेलं. शिवाय तिच्या त्या ओट्यावर रोज तीन फोडण्या पडत नसणार, आणि जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटेल अशी हवाही नसणार.

कपाटाचं एक वेळ सोडा. बिघडलं तर पैसे गेले, एवढंच. भिंतीचं तसं नाही, आणि खरं तर त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आमचं गाव सांगली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा आलं. नदीकडच्या जुन्या घरांत, दगडमातीच्या जाड भिंतींत, ते पाणी कित्येक दिवस मुरलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहते ती रेघ. कितीही घासा, पुसा, रंग द्या, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उमटते. लोक कंटाळले. पुराची आठवण रोज जेवताना समोर कुणाला हवी असते? ज्यांना जमलं त्यांनी ती या शीटखाली झाकली.

आमच्या गल्लीतल्या आक्का त्यांतल्याच. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात, मुलगा परगावी. तो माझाच विद्यार्थी, स्वभावानं गरीब आणि आईची काळजी असलेला. २०२२ च्या दिवाळीआधी त्यानं येऊन खालच्या खोलीला विटांच्या चित्राची शीट लावली. खोली खरंच उजळली. आक्का त्याच भिंतीला खाट लावून निजतात. आता शीटला फुगे आले, खालच्या कडा सुटल्या. मुलाचा मला फोन. "बाई, रंगारी बघून द्या ना. पैसे पाठवतो. त्या शीटवरूनच पांढरा मारून घेऊ, आईला खोली हलवायचा त्रास नको."

मी बघायला गेले. आक्का म्हणाल्या, "बाई, वास येतोय बघा कसला तरी. मला वाटलं उंदीर मेला." एका सुटलेल्या कडेला मी बोट घातलं आणि वीतभर शीट ओढली. ती निघाली ती गिलावा घेऊनच. मागे सगळं काळं. बुरशी. तिच्या वर पांढरा लोणा, मिठाच्या वड्या ठेवाव्यात तसा. भिंतीला हात लावला तर ओली, आणि दिवस मे महिन्याचे!

जुन्या भिंतीतलं पाणी बाहेर पडायचा मार्ग एकच, भिंतीच्या तोंडानं हवेत. त्या तोंडावर आपण प्लॅस्टिक चिकटवलं. पुराचं पाणी राहू द्या, पायातून दरवर्षी चढणारी ओलही मग तिथेच कोंडते. वरून रंगाचे दोन हात म्हणजे त्यावर आणखी एक पांघरूण. आक्कांना खोकला आहे. तो भिंतीमुळेच असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण बुरशीची भुकटी दम्याच्या, खोकल्याच्या माणसाला बाधते हे ठाऊक असताना त्यांच्या उशाशी ती पांढऱ्या रंगात बंद करून ठेवायला मी रंगारी शोधून देणार नाही, असं मुलाला स्पष्ट सांगितलं. त्याला लागलं थोडं. "बाई, मी आईसाठीच करत होतो." त्यात मला शंका नव्हती, हेही सांगितलं.

ज्यांना सोलायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. केस वाळवायच्या ड्रायरनं एक कोपरा कोमट करावा आणि शीट अंगावर न ओढता, भिंतीलगत मागे दुमडत सावकाश ओढावी. घाई केली की गिलावा येतो. लाकडावर, टाइलवर गोंद राहिला तर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवावं, मग सुटतो. टर्पेंटाइनही चालतं, पण खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. नंतर साबणाच्या पाण्यानं तेल पूर्ण काढावं, नाहीतर प्रायमर धरणार नाही. ओल्या भिंतीचा लोणा मात्र पाण्यानं धुऊ नये, कोरड्या ब्रशनं झाडावा. पाण्यानं मीठ पुन्हा आत जातं. बुरशी आधी ओली करून मग खरवडावी, तोंडाला फडकं बांधून.

आणि काढलेली शीट बंबात घालू नका हो! आमच्याकडे अजून बंब आहेत, आणि जे जळतं ते बंबात जातं. पीव्हीसी जळलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो, डोळे आणि छाती दोन्ही धरतात.

जुन्या दारा-कपाटांवर शीटखाली जुनं ऑइलपेंट असेल तर ते कोरडं घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत किती असेल, काय सांगावं? पाणी लावून घासावं, आणि नातवंडांना तेवढा दिवस शेजारी पाठवावं.

आता अपवाद. भाचेसुनेच्या ट्रॉल्यांची दारं कारखान्यातूनच प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून आलेली, आत भुश्श्याची फळी. तिथे पापुद्रा ओढला तर फळी उघडी पडते आणि पाणी पिऊन फुगते. म्हणून जिथे तो घट्ट बसलाय तिथे वरून रंग द्यायला माझी हरकत नाही. दुसरा अपवाद भाड्याच्या घराचा, जिथे शीट मालकाची आहे आणि काढायची परवानगी नाही. मग मात्र त्या व्हिडिओतल्या बाईसारखं सगळं करावं. सोड्याच्या पाण्यानं धुणं, २२० नंबरचा पेपर हलक्या हातानं, सुटलेल्या कडा ब्लेडनं कापून तिथे लांबी, वेगळा प्रायमर, आणि मग पाण्यातल्या रंगाचे दोन पातळ हात. ऑइलपेंट नको. त्याआधी दाराच्या मागे हातभर जागेवर करून बघावं, आठवडाभर थांबून सेलोटेप चिकटवून झटक्यानं ओढावी. टेपला रंग आला तर बेत रद्द. गॅसच्या मागे आणि ओल्या भिंतीवर मात्र कुठलाही अपवाद चालणार नाही.

आक्कांची शीट आम्ही दोन दिवसांत काढली. मुलगा स्वतः आला, सुट्टी घेऊन. सुटा झालेला गिलावा रेघेच्या वर हातभर पाडला, खाट समोरच्या भिंतीला नेली. भिंत सध्या उघडीच आहे, दगड दिसतात. गवंडी म्हणाला, हा पावसाळा जाऊ द्या, हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच. येणारे-जाणारे विचारतात, हे काय करून ठेवलंय? आक्का त्यांना खुर्ची देतात आणि सांगतात, "वाळत घातलीय."