‘अम्मी, जरा चालत जा’ एवढ्याने भागत नाही

बीडच्या कुठल्याही मोहल्ल्यात पाहा. साठी ओलांडलेले अब्बा फजरला घराबाहेर पडतात. मशिदीपर्यंत चालणे, नमाजची उठबस, परतताना चहाच्या हॉटेलात पेपर आणि राजकारणावर वाद. शरीर हलते, डोकेही चालते. त्याच वयाच्या अम्मीचा दिवस मात्र स्वयंपाक, धुणे आणि नातवंडांत उंबरठ्याच्या आत संपतो. ‘तिला घरात भरपूर काम असते की’, हे आपले ठरलेले उत्तर.

काम म्हणजेच व्यायाम असता, तर ऊस तोडणाऱ्या बायका म्हातारपणी सर्वांत धडधाकट राहिल्या असत्या. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. सोबत अंडाशयेही काढली असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात. अशा बाईचे पन्नाशीत घसरून पडणे साधे नसते.

पडण्याचा संबंध फक्त गुडघ्याशी नाही. १९९७ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी नोंदवले की, चालताना बोलायची वेळ आली की जे वृद्ध थांबत, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. आमच्या धंद्याच्या भाषेत, प्रोसेसर एकच आणि त्यावर दोन प्रोग्राम. म्हणून सरावही दोन्हींचा एकत्र हवा.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे हा प्रयोग झाला: व्यायाम, मेंदूचा सराव, आहार आणि रक्तदाबावर लक्ष. २०१५ मध्ये निकाल आला; नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटाची बौद्धिक क्षमता अधिक सुधारली. अमेरिकेतही २,१११ जणांवर तसाच प्रयोग झाला. २०२५ च्या त्या निकालात आपापल्या परीने करणारेही सुधारले, पण ठरलेल्या वेळी, मार्गदर्शनाखाली करणारे जास्त. आपण घरात नेमका नुसता सल्ला देतो.

भारतात साठीपुढच्या शंभरात सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात त्याचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे बीडची अम्मी दोन्हीकडून सापडते.

किल्ला मैदान असो की गल्लीतल्या शाळेचे पटांगण, आठवड्यातून तीन संध्याकाळी बायकांसाठी तासभर ठरवून घ्या. आधी रक्तदाब तपासा. मग हात न टेकता खुर्चीवरून उठणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करणे. गणित नको असेल तर बाजारहाटाचा हिशेब, किंवा नातवंडांची नावे धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. हसू येईल, येऊ द्या. सोबत काहीतरी नवे शिकणे हवेच. कितीतरी नानींना कुरआनची अरबी वाचता येते, पण एसटीची मराठी पाटी नाही. ती शिकवायला आपल्यातला कॉलेजचा कुणीही पुरेसा आहे.

ऐकू येत नसेल, दिसत नसेल तर माणूस गप्पांतून बाजूला पडतो आणि मेंदूही मंदावतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या पात्र व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. तो अर्ज आपणच भरून द्यायचा.

‘लोक काय म्हणतील’ हे होणारच. दहा-बारा जणी एकत्र निघाल्या की ते कमी होते. त्या तासात नातवंडे कोण सांभाळणार, हे मात्र अम्मीला नव्हे, घरातल्या मुलग्यांना विचारावे.