अकरा महिन्यांचे गुरुजी

मुले दरवर्षी येतात, वर्ग दरवर्षी भरतात, शाळेची घंटा रोज वाजते. मग शिक्षक तेवढा अकरा महिन्यांपुरता का, असा सवाल बडोद्यातील सुशिक्षित तरुण आज विचारीत आहेत. तो रास्त आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये त्याचा विस्तार सर्व राज्यभर केला. सक्ती मुलांवर करावयाची तर त्यांना शिकविणाऱ्याची तजवीज राज्याने केलीच पाहिजे, हा त्या धोरणाचा साधा अर्थ होता. त्याच बडोद्यात आज बी.एड. होऊन बाहेर पडणाऱ्या उमेदवारापुढे ‘सहायक’ या पदाची दोन दारे आहेत, आणि ती सारख्याच ठिकाणी नेत नाहीत.

पहिले दार विद्यासहायकाचे. ही योजना १९९८ पासूनची. फिक्स पगारावर पाच वर्षे काढली म्हणजे पुढे नियमित वेतनश्रेणी मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० टक्के वाढ होऊन हा पगार १९,९५० वरून २६,००० रुपये झाला. वाट लांबची खरी, परंतु तिला शेवट आहे. दुसरे दार ज्ञानसहायकाचे. २०२३ मध्ये आलेल्या या योजनेत प्राथमिकला २१,०००, माध्यमिकला २४,००० आणि उच्च माध्यमिकला २६,००० रुपये मानधन ठरले, करार मात्र अकरा महिन्यांचा. कायम होण्याचा हक्क त्यात नाही. बारावा महिना घरात चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर करारपत्रात सापडत नाही!

कायम भरती पुरी होईपर्यंत वर्ग शिक्षकाविना राहू नयेत, असे सरकारचे म्हणणे आहे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तात्पुरती सोय हीच वहिवाट होऊन बसली, तर भरती करण्याची निकडच उरत नाही. टेट आणि टाट या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांना जून २०२४ मध्ये गांधीनगरात निदर्शने करावी लागली व पोलिसांची धरपकड सोसावी लागली. त्यानंतर २४,७०० शिक्षकांच्या भरतीची घोषणा झाली. उत्तीर्ण झालेल्यांनी पुन्हा रस्त्यावर परीक्षा द्यावी, ही कोठली रीत?

हे दुखणे एकट्या गुजरातचे नाही. महाराष्ट्राने २००० मध्ये शिक्षणसेवक नेमले ते प्राथमिकला दरमहा ३,००० रुपयांवर. ते मानधन १६,००० होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. कर्नाटकातील सरकारी शाळांत अतिथी शिक्षक वर्षाच्या बोलीवर शिकवितात, हे सीमाभागातील पालकांस सांगावयास नको. न्यायालयांचा कौलही एकपदरी नाही. २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नेमणुकीमुळे कायम होण्याचा हक्क प्राप्त होत नाही, असे ठरविले. तर ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना त्या पदाचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला. म्हणजे कायमपणाचा हक्क नसला तरी कामाच्या योग्य मोबदल्याचा मार्ग बंद झालेला नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. सरकारने भरतीचे वेळापत्रक दरवर्षी आगाऊ जाहीर करून पाळावे, आणि कराराच्या काळातील अनुभवास कायम निवडीत गुण द्यावेत. उमेदवारांनी नेमणुकीचा कागद घेताना पदाच्या नावावर भुलू नये. मुदत किती, वेतनश्रेणीचा उल्लेख आहे की नाही, हे आधी वाचावे. हाती येणारे मानधन नाकारा, असा उपदेश भरल्या पोटी करणे सोपे आहे. तो आम्ही करीत नाही. मात्र अकरा महिन्यांच्या नोकरीत अडकून कायम भरतीचा अर्ज चुकवू नये, एवढे आग्रहाने सांगतो.

मास्तरांचा चेहरा दरवर्षी बदलला तर कोणते मूल वाचनात अडखळते आणि कोणते हिशेबात, हे ओळखणार कोण? शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न म्हणून ज्यांना तो दूरचा वाटतो, त्यांनी तो आपल्या मुलाच्या पाटीवर लिहून पाहावा.