यादी एक, उत्तरं आठ

लहानपणी आई मला वाण्याकडे पिटाळायची. साखर आणून दिली की "अरे, रवा राहिलाच!" तिसऱ्या फेरीला मी संप पुकारला आणि आमच्या घरात यादी सुरू झाली. पुढे चार वर्षं इंजिनिअरिंग करून मी ऑफिसात नेमका हाच शोध पुन्हा लावला!

झालं असं, की एका औषध वितरकाचं काम आमच्याकडे होतं. औषधाचं नाव टाकलं की ८ गोदामांतला साठा दिसायला हवा. प्रत्येक गोदामाचा इंडेक्स वेगळा, म्हणजे ८ क्वेरीज, एकामागून एक. ॲप पुण्यात आणि सर्च इंजिन अमेरिकेत, व्हर्जिनियाला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. अंतर सुमारे १३ हजार किमी, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याचे किमान १३० मिलिसेकंद. गुणिले ८. एक सेकंद प्रवासातच गेला! कितीही महागडा सर्व्हर घ्या, हा वेळ कमी होत नाही.

इलॅस्टिकसर्चमध्ये यावर 'मल्टी सर्च'ची सोय आहे. प्रत्येक क्वेरीच्या दोन ओळी: पहिलीत कुठे शोधायचं, दुसरीत काय शोधायचं. सगळ्या एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवायच्या, उत्तरं त्याच क्रमाने येतात. स्क्रीन झटकन उघडायला लागली. टीमला वडापाव झाला, मी कॉलर ताठ करून घेतली.

मग एका शनिवारी फोन आला. नाशिकच्या गोदामात औषध होतं, पोर्टलवर मात्र "साठा नाही". केमिस्टने एका पेशंटच्या मुलाला परत पाठवलं होतं.

चूक माझीच होती. त्या गोदामाच्या इंडेक्सचं नाव बदललं होतं, त्यामुळे तेवढी एकच क्वेरी फसली होती. पण अख्ख्या रिक्वेस्टचा स्टेटस आला २००, म्हणजे 'सगळं ठीक'. ४०४ होता तो आत, त्या एका उत्तरापुरता. माझ्या कोडने तो वाचलाच नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून सरळ शून्य छापलं. आधीच्या सुट्या क्वेरीजमध्ये हीच चूक लगेच लाल अक्षरात दिसली असती.

म्हणून माझं मत: क्वेरीज एकत्र जरूर पाठवा, पण त्याने वाचतात त्या फेऱ्या, काम नाही. सगळ्यांची उत्तरं तयार झाल्याशिवाय एकही हातात पडत नाही, तेव्हा एखादी रेंगाळणारी क्वेरी त्यात कोंबू नका. आणि प्रत्येक उत्तर वेगळं तपासा. "रवा संपला" आणि "मागच्या खोलीत बघितलंच नाही" यात फरक आहे की नाही?

आता आमची स्क्रीन अशा वेळी म्हणते, "माहिती मिळाली नाही, गोदामाला फोन करा." दिसायला बावळट आहे, पण खरं बोलते.

असो. आई मात्र पिशवी हातात आली की यादी काढून एकेका वस्तूपुढे टिक करायची. तेव्हा मला ती उगाच कटकट वाटायची.