गॅरेजची खोली करताना: आधी बटणे, मग गिलावा

घर बांधताना देवघर कोणत्या कोपऱ्यात, ओटा कोणत्या तोंडाला, यावर घरात महिनाभर चर्चा चालते. विजेचे बटण कुठे असावे, हे मात्र वायरमन पाच मिनिटांत ठरवून मोकळा होतो. ते बटण पुढे वीस-पंचवीस वर्षे रोज दाबायचे असते आपल्याला!

हा विषय काढायचे कारण म्हणजे आमच्या मांजरसुंब्यात सध्या चाललेली बांधकामे. इथे धुळे–सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता मिळतो. रस्त्याकडेच्या घरांना पुढे गाडी लावायची शेड असतेच. जीप विकली जाते, ट्रॅक्टर शेतावरच्या शेडमध्ये जातो आणि पुढची जागा रिकामी पडते. मग कुणाला तिथे शिलाईचे काम सुरू करायचे असते, कुणाला शिकवणी घ्यायची असते, कुणाच्या सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून त्यांची खोली तिथे करायची असते. भिंत येते, फरशी येते, रंग येतो आणि वीज सगळ्यात शेवटी.

आमच्या शेजारच्या वहिनींचेच उदाहरण घ्या. दहा बाय सोळाची पत्र्याची शेड. आत एक दिवा आणि व्हरांड्यातून ओढलेल्या वायरीवर एक दोन पिनांचा प्लग. वहिनींना तिथे दिवसा शिलाई आणि संध्याकाळी मुलांची शिकवणी अशी दोन्ही कामे करायची होती. वायरमन म्हणाला, "वहिनी, उगं कशाला खर्च करता? आहे त्याच वायरीवरून चार पॉइंट काढून देतो." घरातल्यांनाही ते पटले. वहिनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. त्यांनी केलेला हिशेब प्रत्येकीने करावा असा आहे.

वॅटचा हिशेब

इस्त्री १००० वॅट, कूलर २००, पंखा ७५, दोन एलईडी ट्यूब मिळून ४०, शिलाई मशीनची मोटर १००. एकूण १४१५ वॅट. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, म्हणून १४१५ ला २३० ने भागायचे. उत्तर आले सहा अँपिअरहून थोडे जास्त. दिव्या-पंख्याच्या एका लाइनवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार टाकू नये, असा वायरिंगचा रूढ दंडक आहे. म्हणजे व्हरांड्याच्या दिव्यासाठी ओढलेल्या बारीक वायरीवर ही खोली चालणार नाही. चालेल, पण वायर आतून तापत राहील आणि तिचे प्लॅस्टिक हळूहळू कडक होऊन तडकेल.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की नव्या खोलीची लाइन मेन बोर्डापासून स्वतंत्र आणावी. दिवे-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची वायर, साध्या प्लगांसाठी अडीचची, आणि इस्त्री किंवा गीझरच्या १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगसाठी चारची. प्रत्येक लाइनला आपापला एमसीबी. वायर आणि बटणे आयएसआय शिक्क्याचीच घ्या. एकदा गिलावा झाला, की आतली वायर कुणाला दिसत नाही. म्हणून तर ती चांगली हवी.

खडूने भिंतीवर रेघा मारा

झिऱ्या पाडायच्या आधी रिकाम्या खोलीत खडू घेऊन उभ्या राहा. मशीन कुठे, कपाट कुठे, खाट कुठे, ते जमिनीवर आखा. मग स्वतः दारातून आत या आणि हात आपोआप जिथे जाईल तिथे भिंतीवर फुली मारा. बटणांची पाटी तिथे हवी, म्हणजे दार ज्या बाजूला उघडते त्या बाजूला. गॅरेजमध्ये बहुधा उलटे असते. मोठे फाटक काढून तिथे भिंत आणि लहान दार आले, की जुने बटण नव्या दाराच्या मागे तरी जाते, नाहीतर कपाटाच्या पाठीशी.

शेडची फरशी घरापेक्षा खाली असते आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार असतो. अवकाळी पावसाचे पाणी फाटकाखालून आत येते, हे तुम्ही पाहिलेच असेल. म्हणून त्या बाजूला प्लग खाली घेऊच नका. कमरेच्या वर घ्या. लहान मुले येणार असतील तर बोट किंवा काडी आत जाणार नाही असे झडपेचे सॉकेट घ्या.

उजव्या हाताने शिवणारीला उजेड डावीकडून हवा, नाहीतर आपल्याच हाताची सावली टाक्यावर पडते. फळ्याचेही तसेच. ट्यूब फळ्यासमोर टांगली की फळा चमकतो आणि मागच्या बाकावरच्या मुलांना अक्षर दिसत नाही. ती फळ्याच्या वर, थोडी पुढे लावावी. खोली सासूबाईंची असेल तर दिव्याला दोन ठिकाणी बटण द्या, एक दाराशी आणि एक खाटेशी. जिन्याच्या दिव्याला असते तसे. रात्री अंधारात चाचपडत उठावे लागणार नाही. प्लग मात्र मोजण्यापेक्षा दोन जास्तच ठेवा. कमी पडले, की एक्स्टेंशनची वायर सगळ्या खोलीभर फिरते आणि तिला पाय अडकतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचाच.

वायरीच्या नळ्या भिंतीत सरळ उभ्या किंवा सरळ आडव्या जाव्यात, तिरक्या नकोत. जोड डबीतच असावेत. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तो फोटो उपयोगी पडतो.

अर्थिंग: इथे काटकसर नको

आता मुख्य मुद्दा. शेड पत्र्याची, तिला लोखंडी अँगल, शेजारी लोखंडी कूलर, आणि बाहेर अँगलला बांधलेली कपडे वाळवायची तार. एखाद्या वायरीचे आवरण पत्र्याच्या धारेने कापले गेले, की ही सगळी साखळी जिवंत होते. ओले कपडे तारेवर टाकताना शॉक लागून बाई गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात आपण वाचतोच. म्हणून तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याजवळून वायर न्यायचीच असेल तर ती नळीतून न्या, नुसती अँगलला गुंडाळू देऊ नका.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पीन ही अर्थिंगची. ती लांब असते, कारण प्लग लावताना तिने आधी जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे. कित्येक घरांत ती पीन कापून प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलेला असतो. कूलरच्या बाबतीत हे कधीच करू नका. बीडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, पण पाणी, लोखंड आणि वीज एकत्र असणारी घरातली वस्तू तीच. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढायचा, हा नियम मुलांनाही लावून द्या.

सॉकेटला अर्थिंगचे भोक आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. हिरवी वायर कुठपर्यंत गेली आहे, ते विचारा. काही जण ती वायर सॉकेटमध्येच काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या वायरीला जोडून टाकतात. चाचणीला दिवा लागतो, सगळे ठीक वाटते. पण पुढे न्यूट्रल कुठे तुटला, की कूलरचे अंगच जिवंत होते. हिरवी वायर अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंतच गेली पाहिजे.

आणि हा खड्डा आपल्या भागात जास्त लक्ष मागतो. आपण बालाघाटाच्या माथ्यावर. वरची माती थोडी, खाली मुरूम आणि खडक. वीज जमिनीत चांगली मुरते ती ओलाव्यामुळे. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, नळी किमान अडीच मीटर लांब घ्यायला सांगितली आहे. खडक लागला म्हणून नळी अर्धी कापायची नाही. ती थोडी तिरकी, पण पुरी उतरवायची. भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वर पाणी ओतायला नरसाळे ठेवतात. मार्च ते जून त्यात पाणी ओतत राहायचे. टँकरच्या दिवसांत पिण्याचे पाणी कोण ओतणार, हा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे खड्डा मोरीजवळ घ्यावा आणि धुण्या-भांड्यांचे पाणी त्या बाजूला वळवावे.

आरसीसीबी कशासाठी?

"एमसीबी आहे की, मग आणखी हे कशाला?" असे घरातून विचारले जाईलच. त्याचे उत्तर सोपे आहे. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या हाताने शॉक बसला तर अंगातून जाणारा प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास असू शकतो. जीव जायला तेवढा पुरतो, पण सहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. आरसीसीबी गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की क्षणात वीज तोडते. दुकानदार तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. मागताना "तीस मिलिअँपिअरची" असे स्पष्ट सांगा. ती असली म्हणून अर्थिंग टाळायचे नाही. दोन्ही हवीत.

तिच्यावर टेस्टचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ती बदलायला झाली.

कधी कधी नवी आरसीसीबी काही कारण नसताना सारखी पडते. बहुतेक वेळा नव्या खोलीचा न्यूट्रल जुन्या खोलीच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. अशा वेळी "ही खराब आहे, डायरेक्ट करून देतो" असे वायरमन म्हणाला, तर नाही म्हणा. चूक शोधूनच काम पुरे करून घ्या.

काम कोणाकडून करून घ्यावे

परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच. कायद्यानेही तेच सांगितले आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. २००५ साली वीज मंडळाचे भाग होऊन ही कंपनी झाली, तरी आपण अजून 'बोर्डाचा माणूस' म्हणतोच. मीटरच्या पुढचे सगळे मात्र आपले. भार वाढणार असेल तर मंजूर भार वाढवून घ्या. खोलीत दुकान किंवा क्लास चालणार असेल तर दर कोणता लागेल, हे आधीच त्यांच्या कार्यालयात विचारा, म्हणजे पुढे दंड नको.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते. काम चालू असताना तोही बंद हवा.

शेवटचे पैसे देण्याआधी या पाच गोष्टी स्वतः पाहा:

१. प्रत्येक बटण दाबून पाहा आणि मेन बोर्डावर कोणती लाइन कुठली, ते मराठीत लिहून घ्या.
२. बटण बंद केल्यावर होल्डरमध्ये टेस्टर लागू नये. लागला तर बटण लाल वायरीऐवजी काळ्या वायरीवर घेतले आहे.
३. हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपासून खड्ड्यापर्यंत आहे ना, ते दाखवायला सांगा.
४. आरसीसीबीचे टेस्ट बटण वायरमनसमोर तुम्ही दाबा.
५. व्हरांड्यातून ओढलेली जुनी वायर काढून टाकायला लावा. नुसती टेप लावून लोंबकळत ठेवू देऊ नका.

वहिनींच्या खोलीत आता सकाळी मशीन चालते आणि संध्याकाळी बारा मुले बसतात. अर्थिंगला आणि आरसीसीबीला लागलेले पैसे त्यांनी भिंतीच्या रंगातून वाचवले. रंग पुढच्या दिवाळीला देता येतो. शेजारणी विचारतात, "भिंती अशाच का ठेवल्या हो?" त्यावर वहिनी टेस्टचे बटण दाबून दाखवतात.