टाकाऊतून टिकाऊ? टाकाऊच बरे!

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना मी अजूनही जाते. निवृत्त शिक्षिकेला कोणी ना कोणी परीक्षक म्हणून बोलावतेच. पूर्वी थर्मोकोलचा ज्वालामुखी असायचा, आता पुठ्ठ्याचा असतो, एवढाच काय तो फरक. मूल पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणून दाखवते. मी एकच प्रश्न विचारते, "बाळा, हे करताना काय काय बिघडले?" मूल गोंधळते आणि मागे उभ्या असलेल्या आईकडे बघते. कारण बिघडले असेल तर ते आईच्या हातून!

आता मी काही शास्त्राची पदवीधर नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. केलेली. पण लहान शाळेत ज्याच्या वाट्याला जो तास येईल तो घ्यावा लागतो. तसे पाचवी ते सातवीचे सामान्य विज्ञान बरीच वर्षे माझ्याकडे होते. प्रयोगाचे साहित्य कपाटात कुलूपबंद असे. काचेचे काही फुटले तर भरून कोण देणार? मुलांनी भिंग आणि परीक्षानळी पाहिली ती बहुधा पुस्तकातल्या चित्रातच. तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. महाग वस्तू मुलाला भित्रे बनवते. हल्ली दीड-दोन हजारांचे विज्ञान संच मिळतात. पण खोका उघडायच्या आधीच घरातून आवाज येतो, "सांभाळून हं, तुकडा हरवू नकोस!" तिथेच निम्मे विज्ञान संपते.

हे मी मनाचे सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचे, असा तो होता. आयआयटीतून इंजिनियर झालेले आणि पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. आठवडी बाजारातल्या स्वस्त वस्तूंतून त्यांनी खेळणी घडवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, एवढ्या भांडवलावर भूमिती! पुढे पुण्याच्या आयुकामध्ये मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे हेच केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतूनही आहेत.

तुम्ही हे घरी करून बघा. गुल काढलेल्या चार काड्यांची टोके नळीच्या तुकड्यांनी जोडून चौकोन करा. बोटाने दाबला की तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, कितीही दाबा, आकार सोडत नाही. मग मुलाला रेल्वेचा लोखंडी पूल दाखवा, शेतातून जाणारे विजेचे मनोरे दाखवा, पत्र्याच्या छपराच्या कैच्या दाखवा. सगळीकडे त्रिकोण का, हे त्याला सांगावे लागणार नाही. ते त्याच्या बोटांना आधीच कळलेले असते.

दुसरे उदाहरण मोटरचे. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लाखेचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे. वेटोळ्याच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा मात्र निम्म्याच बाजूचा. मुले उत्साहाने दोन्ही टोके लख्ख करतात, आणि वेटोळे फिरायच्या ऐवजी जागच्या जागी डुलत राहते. का? अर्ध्या फेरीत चुंबक त्याला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे. निम्मा लेप ठेवला की त्या उलट्या वेळी वीज बंद पडते आणि वेटोळे आपल्याच वेगाने पुढे निघून जाते. हे फळ्यावर लिहून दिले तर परीक्षेपुरते राहते. न फिरणाऱ्या मोटरशी तासभर झटापट केली तर जन्मभर राहते.

काही जण म्हणतात, हा नुसता खेळ आहे, यात विज्ञान कुठे? त्यांचे थोडे बरोबर आहे. पपईच्या देठाची पिपाणी वाजवणे हा खेळच. पण देठ कापून आखूड केला की आवाज बारीक का होतो, असे विचारून पुन्हा पुन्हा कापून पाहिले की विज्ञान सुरू झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायचे, लिहून ठेवायचे. एवढे शिकवायला मोठे माणूस शेजारी हवे. पैसे नकोत, वेळ हवा. आणि नेमकी त्याचीच टंचाई आहे.

होशंगाबादच्या मंडळींनी आणखी एक शहाणपणा केला होता. त्यांनी परीक्षाही बदलली. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची आणि हाताने प्रयोग करून दाखवायचा. सुमारे हजार शाळांत पोचलेला तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारी निर्णयाने बंद झाला, याची हळहळ वाटते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. चांगलेच आहे. पण प्रयोगवहीत मागच्या वर्षीच्या मुलाची निरीक्षणे उतरवून गुण मिळत राहिले, तर ते दहा दिवस सहलीतच जातील.

आपल्याकडे तर याची परंपरा आहे. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरे काय? बुरूज ढासळू नये म्हणून मातीत किती पाणी घालायचे, उतार किती ठेवायचा, हे मुले चिखलात हात घालून शिकत आली. आता बाजारात तयार किल्ले मिळतात. ते ढासळत नाहीत, आणि काही शिकवतही नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवीच. प्रयोग सेलवर करायचे, भिंतीतल्या प्लगशी मुळीच नाही. बटणासारखे सेल आणि छोटी चुंबके धाकट्या भावंडांपासून दूर ठेवायची, ती पोटात गेली तर जिवावर बेतते.

बाकी 'टाकाऊतून टिकाऊ' ही आपली जुनी घोषणा मला अर्धीच पटते. टिकायला कशाला हवे? मोडू दे, पुन्हा जोडू दे. तेव्हा या सुट्टीत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक खोके बाजूला काढून मुलांच्या हाती द्या. आणि मोटर फिरली नाही तर कृपा करून लगेच दुरुस्त करायला धावू नका!