वर नेणारी हवा
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. बक्षीस देताना पाहुण्यांनी माझी आपुलकीने चौकशी केली. मावळातल्या एका वाडीवरचा, वडील शेतमजूर, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, असे कळल्यावर ते माइककडे वळून म्हणाले, "हा मुलगा कुणाच्याही आधाराशिवाय, केवळ स्वतःच्या हिमतीवर वर आलेला आहे!" टाळ्या पडल्या. मीही मान खाली घालून त्या घेतल्या. पण घरी जाताना एस.टी.त ते वाक्य मला बोचू लागले. ते खरे नाही एवढे तेव्हाच समजले होते. का खरे नाही, हे मात्र सांगता येत नव्हते. ते पुढे डोंगरावर समजले. पाहुण्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या वाक्याविषयी.

गुरुजन व मित्रहो, आमची वाडी पुणे जिल्ह्यात, कामशेत स्टेशनच्या आतल्या अंगाला. पुढे भातखाचरे, मागे डोंगर. पावसाळा संपला की ह्या भागात उडणारी माणसे येतात आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत येत राहतात. आठवीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या पिशव्या डोंगरावर वाहून नेतो. एकेक पिशवी पंधरा-वीस किलोची. वर गेल्यावर पंख पसरायचा, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा. उतरल्यावर घडी घालायची. अशी तीन वर्षे गेल्यावर तेथे शिकवणाऱ्या एका सरांनी मला विचारले, "नुसता वाहतोसच, उडायचे नाही का?" त्यांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेला त्रिकोणी कापडी पंख. माणूस त्याखाली पट्ट्यांनी टांगलेला असतो आणि समोरचा दांडा धरून, आपले वजन इकडे-तिकडे सरकवून पंख वळवतो. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. हवेने फुगलेले कापड आणि दोऱ्या, एवढाच त्याचा संसार. मी शिकलो तो हा दुसरा प्रकार. इंजिन दोघांनाही नाही आणि हवेचा नियम दोघांना एकच.

तो नियम सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला. म्हणाले, "ह्या पंखाला वर जाता येत नाही, हे आधी डोक्यात ठेव." मला वाटले, थट्टा करतात. पण खरेच तसे आहे. शांत हवेत हा पंख सेकंदाला सुमारे १ मीटर ह्या वेगाने सतत खाली येत असतो. वर जायचे तर भोवतालची हवाच वर जात असली पाहिजे. ती सेकंदाला ३ मीटर चढत असेल, तर आपण तिच्यात १ मीटर उतरत असूनही जमिनीपासून २ मीटर वर जातो. म्हणजे डोंगरमाथ्याच्याही वर पोचलेला माणूस त्या क्षणीसुद्धा खालीच येत असतो. त्याची हवा त्याच्यापेक्षा वेगाने चढत असते, इतकेच.

ह्या चढत्या हवेला थर्मल म्हणतात. ऊन सगळीकडे सारखेच पडते, पण जमीन सारखी तापत नाही. काळा कातळ, भात काढलेले कोरडे खाचर, भाजलेला राब लवकर तापतो. धरणाचे पाणी आणि झाडी उशिरा. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन सुटते आणि वर निघते. चढताना ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होत जाते. तिच्यातला ओलावा पुरेसा थंड झाला की माथ्यावर पांढऱ्या ढगाचा पुंजका धरतो. लहानपणी वावटळ दिसली की आमची आजी ओरडायची, "लांब व्हा, आत भूत असतंय!" ते भूत म्हणजे जमिनीवरून सुटणाऱ्या थर्मलचा पायच असतो, हे मला फार उशिरा कळले. पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालणारी घार ह्याच हवेवर बसलेली असते.

वर्षभर मी संध्याकाळच्या संथ वाऱ्यात डोंगराच्या धारेने उडत होतो. दुपारच्या थर्मलमध्ये नवशिक्याला सोडत नाहीत. गेल्या एप्रिलात सरांनी प्रथम सोडले. निघून दोन-तीन मिनिटे झाली असतील, तोच माझा उजवा पंख कुणी खालून ढोसल्यासारखा उचलला गेला. त्यामुळे मी डावीकडे कललो. मलाही डावीकडेच जावेसे वाटले, कारण तिकडे शांत होते. तेवढ्यात रेडिओवर सरांचा आवाज आला, "पळतोस कुठे? ज्या बाजूने उचलले, त्या बाजूला वळ!" भीत भीत वळलो. छातीवरचा व्हेरिओ, म्हणजे चढ-उतार सांगणारे यंत्र, भराभर पिकपिक करू लागला. एक फेरी झाली, दुसरी झाली. आमच्या वाडीची कौले काडेपेटीएवढी दिसू लागली. तिसऱ्या फेरीत माझे वळण मोठे झाले आणि मी थर्मलच्या बाहेर पडलो. मग मात्र जी घसरण सुरू झाली, ती थेट खाचरात उतरेपर्यंत थांबली नाही.

खाली आल्यावर मी सरांना विचारले, "नेहमीपेक्षा इतक्या लवकर कसा खाली आलो?" ते म्हणाले, "अरे, मधली हवा वर जाते तेव्हा तिची जागा भरायला बाजूची हवा खाली यावीच लागते. एकाची चढण ती शेजारच्याची उतरण."

त्या संध्याकाळी ताई कामावरून आली आणि नेहमीप्रमाणे चुलीपुढे बसली. तिच्याकडे पाहताना सरांचे वाक्य आठवले आणि पाहुण्यांचे वाक्यही आठवले. ताई माझ्याहून दीड वर्षाने मोठी. बारावीत तिला ७८ टक्के होते. मला पुढच्या वर्षी ७१ मिळाले. तिचा निकाल लागला तेव्हा वडील म्हणाले, "धाकट्याचेही पुढल्या साली आहे. दोघांचे जमायचे नाही." दोघांपैकी कुणी थांबायचे, हे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. ती एम.आय.डी.सी.तील एका कारखान्यात पॅकिंगला लागली. माझा एस.टी.चा पास, परीक्षेची फी, पुस्तके तिच्या पगारातून येतात. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढलो तेव्हा पायात होते ते बूटही तिच्या दिवाळीच्या बोनसचे होते. मी ज्या हवेने वर आलो, ती तिच्या बाजूने खाली आलेली होती.

म्हणून 'स्वतःच्या हिमतीवर वर आला' हे वाक्य मला घातक वाटते. ते वर आलेल्याची स्तुती करते आणि त्याच दमात खाली राहिलेल्याला सांगते की, तुझ्यात हिंमत नव्हती. ताईत हिंमत नव्हती काय? तिचा पंख माझ्याहून चांगला होता, ह्याला गुणपत्रिका साक्षी आहे.

कुणी म्हणेल, मग तुझ्या कष्टांना काहीच किंमत नाही का? आहे. थर्मल सापडूनही बाहेर पडता येते, हे मी स्वतः करून दाखवले आहे. धक्का बसेल त्या बाजूला वळायला धैर्य लागते. गोल धरून राहायला सराव लागतो. माझे पहिले इंग्रजीचे तास असेच धक्के देणारे होते, आणि मी शेवटचा बाक सोडून पुढे बसलो, एवढे श्रेय मी घेईन. पण पंख वळवणे माझे, हवा माझी नव्हे. ज्या मित्रांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, आईवडील पदवीधर आहेत, त्यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांची हवा अखंड असल्यामुळे त्यांना ती जाणवत नाही, एवढाच फरक.

उडण्याच्या इतिहासातही हेच दिसते. जर्मनीच्या ओट्टो लिलिएनथालने (१८४८–१८९६) करकोच्यांचे उड्डाण अभ्यासून पंख बांधले आणि टेकड्यांवरून सुमारे २,००० उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. जगाला ओट्टो ठाऊक आहे. पण १८८९ सालच्या त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच छापले आहे की, तो ओट्टो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्ताव ह्या दोघांनी केलेल्या प्रयोगांवर आधारलेला आहे. ओट्टोने आपल्या भावाचे नाव छापले. आपण व्यासपीठावरून आपल्या माणसांची नावे घेतो का?

उडणाऱ्यांची एक रीत मला फार आवडते. थर्मल डोळ्यांना दिसत नाही. पण त्यात कुणी फिरत असेल तर तो दिसतो, आणि त्याच्यावरून इतरांना जागा कळते. आधी आलेला ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने मागून येणाऱ्यांनी फिरायचे, म्हणजे टक्कर होत नाही. ३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातून डस्टिन मार्टिन आणि जॉनी ड्युरँड हे दोन हँग ग्लायडर उडवणारे निघाले आणि दिवसभर बरोबर उडत राहिले. सुमारे ११ तासांनी मार्टिन ७६४ किलोमीटरवर उतरला; ड्युरँड अगदी थोडे अलीकडे. इंजिनाशिवाय ७६४ किलोमीटर!

आपल्याकडे पहिल्या वर्षाला येणाऱ्या कित्येकांच्या डोक्यावर असे फिरणारे कुणीच नसते. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज कधी भरायचा, उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा, 'कमवा व शिका' योजनेत नाव कसे घालायचे, ग्रंथालयात कार्डावर पुस्तक कसे मागायचे, हे घरी सांगणारे कुणी नाही. माझा पहिल्या वर्षाचा अर्ज मुदत संपल्यामुळे राहिला. तेवढे पैसेही ताईनेच भरले. माझी सूचना साधी आहे. प्रवेशाच्या महिन्यात द्वितीय व तृतीय वर्षाच्या आपण दहा-बारा जणांनी ग्रंथालयाच्या दाराशी रोज एक तास बसावे आणि येईल त्याला एवढे सांगावे. प्राध्यापकांनी परवानगी द्यावी. टेबल मी उचलून आणीन. वाहण्याची मला सवय आहे.

आणि घरातले? यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी सांभाळून तेथे बी. ए. करता येते. मी ताईसाठी माहिती काढून आणली आहे. फीपुरते पैसे ह्या हंगामात पिशव्या वाहून साठले आहेत. ती कागद वाचून म्हणाली, "बघू." तिच्या 'बघू'चा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण कागद तिने परत दिलेला नाही, डब्याखाली जपून ठेवला आहे.

पुढे कधी कुणी मला व्यासपीठावर उभे करून तेच वाक्य उच्चारले, तर ह्या वेळी मी मान खाली घालणार नाही. माइक मागून घेईन आणि आधी ताईचे नाव सांगेन.