गाडी स्लोला थरथरते? आधी मूळ बघा, मग खर्च करा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पण विषय शेतीचाच आहे, कारण कांदा चाकणच्या मार्केटला पोचवते ती गाडीच.

आपल्या खेड, मावळ भागात घरोघरी दहा-पंधरा वर्षांची डिझेल पिकअप आहे. तिचं एक दुखणं ठरलेलं. रेसवर चांगली पळते, पण स्लोला आली की थरथरते. मोकळ्या रस्त्यावर कळत नाही. तळेगाव चौकात नाहीतर आंबेठाण चौकात अर्धा तास अडकलात की स्टेअरिंगपासून आरशापर्यंत सगळं हलायला लागतं. मग गॅरेजला गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "पंप काढावा लागंल." माझं स्पष्ट मत आहे, तपासणी झाल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका.

पान पिवळं पडलं म्हणून आपण लगेच युरिया टाकतो का? जाणता शेतकरी आधी बघतो की जुनं पान पिवळं आहे का नवं. जुनं असेल तर नत्र कमी, नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. मुळाशी पाणी साचलंय का तेही बघतो. इंजिनाचंही तसंच आहे. थरथर हे लक्षण आहे, रोग नाही.

आधी नुसतं ऐका. ठरावीक ठेक्यात एक ठोका चुकत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. आवाज वर-खाली, वर-खाली होत असेल, तर बहुतेक वेळा डिझेलमध्ये हवा नाहीतर कचरा आहे. सायलेन्सरचा आवाज एकसारखा आणि केबिन मात्र हलतंय, तर इंजिनाच्या माउंटिंगचं रबर बसलं असेल.

मग धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आपल्याकडं रस्त्यांच्या कामाची धूळ एवढी आहे की एअर फिल्टर आधी बघावा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा. पाण्याची टाकीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

त्यानंतर स्वस्तातलं आधी. डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडा. टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप बोटानं चाचपा. इथं फसगत होते. हा पाइप ओढीचा असतो, त्यामुळं बारीक चीर पडली तरी डिझेल बाहेर गळंलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. फिल्टरनंतर थोडा पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का बघा. माझ्या गाडीला पंप उतरवायचा सल्ला मिळाला होता. निघाला काय, तर क्लॅम्पपाशी चिरलेला वीतभर पाइप.

जुना साधा पंप असेल तर अनुभवी मिस्त्री एकेका नोझलचा नट किंचित ढिला करून बघतो. ढिला केल्यावर इंजिन पडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक नाही, तर दुखणं तिथंच. मग ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघायचं. दुखणं सोबत गेलं तर नोझल खराब. जागेवरच राहिलं तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासायचं. हे काम करताना फवाऱ्यापुढं हात नको, डिझेल कातडीत घुसतं. आणि कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीच करू नका. तिथं दाब हजार बारच्या वर जातो. त्या गाडीला स्कॅनर लावा आणि नोझलची रिटर्न तपासणी करून घ्या.

काही जण स्लोचा स्क्रू पिळून रेस वाढवतात. थरथर लपते. ताप उतरवला, रोग तसाच.

आपल्या गावातली पोरं चाकण, भोसरी, आकुर्डीच्या कंपन्यांत जातात. तिथं दोष निघाला की पाच वेळा 'का' विचारतात. टोयोटापासून जगभर गेलेली ही पद्धत आहे. इंजिन वर-खाली का? डिझेलमध्ये हवा. हवा का? पाइप चिरला. चिरला का? घासत होता. घासत का होता? क्लॅम्प सैल. सैल का? फिल्टर बदलताना आवळला नाही. पाइप बदलून क्लॅम्प तसाच ठेवला असता, तर पुढच्या हंगामात तेच. हीच पोरं घरची गाडी मात्र न विचारता गॅरेजला सोडून येतात, याचं वाईट वाटतं.

मिस्त्री लबाड असतात असं माझं म्हणणं नाही. दारात दहा गाड्या उभ्या असतात, त्याला वेळ नसतो. म्हणून लक्षणं आपणच कागदावर लिहून न्यायची: थंड असताना का गरम, धूर कोणता, फिल्टर कधी बदलला. तपासणीची वेगळी मजुरी मागितली तर खुशाल द्या. माती परीक्षणाचे पैसे खतात वाचतात, हे आपण मानतो ना? मग इंजिनालाही तोच न्याय लावा, आणि हे कांदा काढणीच्या आधी करा. माल भरल्यावर पारख करायला सवड नसते.